बायोइन्फॉरमॅटिक्सला खरंच डिमांड आहे का? सोलापूरच्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सायली म्हणूया तिला. नाव बदललंय, घरचे तपशीलही जरा इकडचे तिकडे केलेत, पण आकडे आणि निर्णय जसे होते तसेच ठेवलेत.

मुलगी सोलापूरचीच. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघतात, आई घरी, धाकटा भाऊ डिप्लोमाला. २०२२ ला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली. मार्क चांगले, डिझर्टेशन जिवाणूंवर, लॅबमधला हात चांगला. त्यानंतर वर्षभर इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका काय असतंय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, शिकवलं तेवढ्याच तासांचे पैसे, मे महिन्यात शून्य, आणि जे मिळायचे तेही कधी मिळतील त्याचा नेम नाही.

२०२३ च्या जूनमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. सरकारने जेआरएफची, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना महिन्याला मिळणारी फेलोशिप ३१,००० वरून ३७,००० केल्याची बातमी आली (लागू जानेवारी २०२३ पासून), त्यामुळे घरात पहिल्यांदाच 'रिसर्चमध्ये पैसा आहे' असं वातावरण झालं. आणि पुण्यात आयटीत असलेल्या मामाने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. सहा महिन्यांचा बायोइन्फॉरमॅटिक्सचा (कॉम्प्युटरवर डीएनएसारखा जीवशास्त्राचा डेटा वाचायचं काम) कोर्स, १०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स, पॅकेज ९ लाखांपर्यंत. फी १,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००. वर पुण्यात सहा महिने पीजी आणि मेस, ते कमीत कमी सत्तर-पंच्याहत्तर हजार. एकूण सव्वादोन लाखाच्या आसपास जातंय.

वडील माझ्याकडे आले ते याच प्रश्नाने. "सर, पैशाचं बघू ओ कसंतरी, एक एफडी हाय ती मोडू. पण नोकरी लागंल का नाही तेवढं सांगा."

अडचण नक्की काय होती

वरवर बघितलं तर प्रश्न एवढाच, की कोर्स करावा का नाही. पण खरी अडचण वेगळी होती. 'डिमांड आहे' असं सगळेच म्हणत होते आणि कुणालाच माहीत नव्हतं की डिमांड नक्की कशाला आहे, कुठल्या गावात आहे, किती वर्षांच्या अनुभवाला आहे आणि नवीन पोरीला त्यातलं काय लागू होतंय.

डिमांड खोटी नव्हती हे आधी सांगतो. माणसाचा एक अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचायला २००१ मध्ये साडेनऊ कोटी डॉलर लागायचे, २०२२ पर्यंत तो खर्च ५०० डॉलरच्या आसपास आला. मशीन स्वस्त झालं, डेटा ढिगाने यायला लागला, आणि तो डेटा वाचणारी माणसं कमी पडली. कोविडमध्ये तर डिसेंबर २०२० ला इन्साकॉग नावाचं लॅबचं सरकारी जाळं उभं राहिलं, देशभरातल्या लॅबना व्हायरसचा जीनोम वाचून त्यातला व्हेरियंट ओळखायचं काम लागलं, तेव्हा ज्यांना लिनक्सवर चार कमांड येत होत्या त्यांनाही फोन आले. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचायचं काम २०२० पासून चालू होतं. म्हणजे काम होतं, आहे.

फक्त एक गोष्ट कोर्सवाले सांगत नाहीत. ज्या वेगाने डेटा वाढला त्याच वेगाने टूल्सही तयार झाली. गॅलक्सीसारख्या फुकटच्या सर्व्हरवर बटणं दाबून ॲनालिसिस होतंय, नेक्स्टफ्लो नावाच्या टूलच्या तयार पाइपलाइनी (एकामागून एक टूल्स आपोआप चालवणाऱ्या मांडण्या) नेटवर पडल्यात. त्यामुळे नुसती पाइपलाइन चालवता येणं याची किंमत दरवर्षी खालीच चाललीय, आणि निघालेल्या निकालाचा अर्थ लावणं किंवा पाइपलाइन मोडली की ती दुरुस्त करणं याची वर. एकाच नावाच्या स्किलचा पगार दोन दिशांना चाललाय, आणि जाहिरातीत दोघांचं नाव एकच असतंय.

महिनाभर नुसत्या जाहिराती वाचल्या

पैसे भरायच्या आधी सायलीला एक काम दिलं. गूगल शीट उघड, लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि सरकारी संस्थांच्या वेबसाइटवर बायोइन्फॉरमॅटिक्स नावाची जी जाहिरात दिसेल ती त्यात टाक. गाव, शिक्षण, अनुभव, कुठली टूल्स मागितलीत, पगार लिहिला असेल तर पगार, आणि शेवटचा कॉलम म्हणजे 'रोज काय काम करावं लागेल' ते एका ओळीत. हा शेवटचा कॉलम भरायला ती सगळ्यात जास्त कुरकुरली आणि सगळ्यात जास्त कळलं ते त्याच्यातूनच.

सोलापूर त्या शीटमध्ये कुठेच नव्हतं. बंगळुरू, हैदराबाद, पुणे, मग दिल्लीकडचा पट्टा आणि चेन्नई, संपलं. घरी बसून करायची कामं होती थोडी, पण त्यांना तीन-चार वर्षांचा अनुभव पाहिजे होता. आईचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरचंच काम आहे ना मग सोलापुरातून का नाही होणार. बरोबर प्रश्न आहे, पण नवीन माणसाला कोणी घरून कामाला घेत नाही, चुकला तर शेजारी बसून दाखवणारा कोणीतरी लागतो.

दुसरं असं की एकाच पदनामाखाली निरनिराळी कामं निघाली. काही ठिकाणी काम म्हणजे दिवसभर शोधनिबंध वाचून त्यातली माहिती डेटाबेसमध्ये भरायची, याला क्युरेशन म्हणतात, नवीन पोरांना घेतात आणि पगार कमी. डायग्नोस्टिक कंपन्यांत पेशंटच्या डीएनए रिपोर्टमधले बदल तपासायचे. काही ठिकाणी बायोलॉजी नावालाच, खरं काम क्लाउडवर पाइपलाइन बांधायचं, तिथे कॉम्प्युटरवालाच पाहिजे. फार्मा कंपन्यांत मशीन लर्निंग, तिथे पीएचडीशिवाय बोलणंच नाही. आणि सरकारी संस्थांतली प्रोजेक्टची पदं वेगळीच.

९ लाखांचं पॅकेज शीटमध्ये होतं की, नव्हतं असं नाही. पण ते पाइपलाइन बांधणाऱ्या तीन-पाच वर्षं अनुभववाल्याचं होतं.

पगाराचं काय दिसलं

खाजगी कंपन्या पगार लिहीतच नाहीत, 'इंडस्ट्रीत बेस्ट' एवढंच. त्यामुळे सायलीने लिंक्डइनवरून कॉलेजच्या सिनिअर लोकांना गाठून विचारलं. थेट पगार विचारला तर कोणी सांगत नाही, "ताई, फ्रेशरने किती मागावं?" असं विचारलं की सांगतात. सुरुवात साडेतीन-चार लाखांच्या आसपास, क्युरेशनला त्याहून कमी, आणि दोन-अडीच वर्षांनी कंपनी बदलली तर उडी.

सरकारी बाजू मात्र उघडी असते, आणि ट्रेंड बघायचा असेल तर मला तीच विश्वासाची वाटते. जेआरएफचं बघा. २०१० ला १६,०००, ऑक्टोबर २०१४ ला २५,०००, २०१९ ला ३१,०००, २०२३ ला ३७,०००. वर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता. आकडा चढताना दिसतोय, पण ३१ वरून ३७ म्हणजे चार वर्षांत १९ टक्के, वर्षाला साडेचारच्या आसपास, आणि त्याच वर्षांत किरकोळ महागाई सरासरी पाच-साडेपाच टक्क्यांनी चाललेली. म्हणजे बातमीत 'वाढ' आणि खिशात जैसे थे, उलट थोडं मागेच. शिवाय ही वाढ दरवर्षी होत नाही, चार-पाच वर्षं काहीच नाही आणि मग एकदम. तुम्ही मधल्या वर्षात आत गेला तर तुमच्या अख्ख्या काळात एकही वाढ न बघता बाहेर पडाल.

प्रोजेक्ट असोसिएट-१ या पदाला त्या वेळच्या जाहिरातींत दोन दर असायचे. नेट किंवा गेट (दोन्ही देशपातळीवरच्या परीक्षा) पास असेल तर ३१,००० अधिक एचआरए, नसेल तर २५,००० अधिक एचआरए. पद एकच, टेबल एकच, काम एकच. पुण्यात तेव्हा एचआरए २७ टक्के, म्हणजे गेटवाल्याला ३९,३७० आणि बिनगेटवाल्याला ३१,७५०. महिन्याला ७,६२० चा फरक. आणि गेटचा फॉर्म मुलींना तेव्हा ९०० रुपये. हे शीटमध्ये अगदी डोळ्यासमोर होतं. सायलीने त्याकडे दुर्लक्ष केलं कारण तिच्या डोक्यात पक्कं होतं की गेट इंजिनिअरिंगवाल्यांचं असतं. लाइफ सायन्सेसचा आणि बायोटेक्नॉलॉजीचा गेटमध्ये वेगळा पेपर असतो हे आपल्याकडच्या निम्म्या एमएस्सीवाल्यांना माहीत नसतं.

कोणते पर्याय होते

कोर्स. त्याच्या बाजूने एक गोष्ट होती, शिस्त. घरी बसून शिकणं सगळ्यांना जमत नाही हे मान्य. म्हणून सायलीने संस्थेला फोन करून तीन प्रश्न विचारले. मागच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली, कुठल्या पदावर, आणि त्यातल्या दोघांचे नंबर मिळतील का. पहिल्याला उत्तर आलं "बहुतेक सगळ्यांना", दुसऱ्याला "लाइफ सायन्स डोमेनमध्ये", आणि तिसऱ्याला "ॲडमिशननंतर देऊ". यापुढे काय समजायचं ते समजलं.

मामाचा पर्याय वेगळाच. मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना कोड द्यायचं काम) किंवा फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी) कर, महिना वीस-बावीस हजाराने सुरुवात, लगेच लागशील, पुण्यात माझ्याकडेच राहा. यात वाईट काही नाही, बायोटेकची कितीतरी पोरं तिकडेच जातात आणि बरी राहतात. पण तिथून परत रिसर्चकडे वळणं अवघड जातं आणि सायलीला ते नको होतं.

नेट देऊन जेआरएफ, मग पीएचडी. आकड्यांत हाच सगळ्यात भारी. आजच्या दराने पुण्यात ३७,००० वर ३० टक्के एचआरए धरून ४८,१००, आणि सोलापूरसारख्या एचआरएच्या वाय वर्गातल्या शहरात २० टक्क्यांनी ४४,४००. पण नेट-जेआरएफ म्हणजे लॉटरी नाही तरी लॉटरीच्या जवळपास, आणि तोपर्यंत घर कशावर चालवायचं.

चौथा पर्याय, तासिका चालू ठेवून घरीच शिकायचं आणि सहा महिन्यांनी थेट अर्ज करायचे. खर्च जवळपास शून्य, धोका एवढाच की सहा महिन्यांनी हातात दाखवायला काहीच नसेल. वडिलांना हा पर्याय अजिबात आवडला नाही. "सर्टिफिकेट नाही तर कोण विचारणार?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, शीटच दाखवली. सर्टिफिकेट पाहिजे असं लिहिलेली जाहिरात त्यात नव्हती. गिटहबची (आपला कोड ठेवायच्या साइटची) लिंक द्या असं लिहिलेल्या मात्र होत्या.

काय केलं

चौथाच घेतला. एफडी तशीच राहिली.

पहिला निर्णय हा की कुठल्या प्रकारच्या कामाकडे जायचं. मामा म्हणत होता मशीन लर्निंग कर, त्यात पैसा. पैसा आहेच, पण तिथे तिची स्पर्धा इंजिनिअरिंगच्या पोरांशी. जिवाणूंवरचं एमएस्सीचं काम ही तिची जमेची बाजू, ती सोडून रिकाम्या हाताने दुसऱ्याच्या मैदानात कशाला जायचं. म्हणून जिवाणूंचे जीनोम, म्हणजे मायक्रोबियल जीनोमिक्स, हे ठरलं.

या निर्णयाला अजून एक कारण होतं आणि ते अगदी व्यवहारी, तिचा लॅपटॉप. आठ जीबी रॅमचा जुना. माणसाचा जीनोम ३०० कोटींच्या वर अक्षरांचा, त्याच्यावर आरएनएचा डेटा स्टार नावाच्या टूलने बसवायचा तर तीसेक जीबी रॅम पाहिजे. ते जमणारच नव्हतं. जिवाणूचा जीनोम ५० लाख अक्षरांच्या आसपास, तो बसतो. यूट्यूबवरचे सगळे कोर्स माणसाच्या डेटावर असतात, पोरं तिथे अडकतात आणि आपल्याला जमत नाही असं समजून सोडून देतात, खरं तर अडलेली असते फक्त रॅम.

तिने झँथोमोनास नावाचा जिवाणू निवडला. डाळिंबावर तेल्या रोग आणणारा जिवाणू याच कुळातला, आणि सोलापूर जिल्ह्यात तेल्या म्हटलं की कुणालाही सांगावं लागत नाही, सायलीच्या आत्याची सांगोल्याकडची बाग त्यातच गेली होती. एनसीबीआय या अमेरिकेच्या सरकारी डेटाबेसवर या जिवाणूंचा डेटा फुकट आहे. विंडोजमध्येच लिनक्स टाकलं, कच्चा डेटा उतरवला, फास्टक्यूसीने तपासला, आणि स्पेड्स (तुकड्यांतून जीनोम जुळवणारं टूल) लावून झोपली. सकाळी स्क्रीनवर एकच शब्द, 'किल्ड'. रॅम संपली की लिनक्स कारण वगैरे सांगत बसत नाही, थेट मारतं. परत लावलं, परत किल्ड.

इथे तिने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. नवा लॅपटॉप मागितला नाही, हिशोब केला. डेटा जीनोमच्या ३०० पट होता, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३०० वेळा वाचलेलं. जिवाणूचा जीनोम जुळवायला एवढं लागतच नाही. तिने रँडम पाचवा हिस्सा ठेवला, ६० पट, बाकी टाकला. स्पेड्स निमूटपणे चाललं. मग क्वास्टने तपासणी, प्रोक्काने जनुकांची नावं, मग नेटवरच्या दुसऱ्या स्ट्रेनशी (त्याच जिवाणूच्या दुसऱ्या वाणाशी) तुलना. सगळं गिटहबवर टाकलं, 'किल्ड'चा स्क्रीनशॉट आणि पाचव्या हिश्श्याचा हिशोब यासकट. मैत्रीण म्हणाली चुका कशाला दाखवतेस. ठेवल्या तशाच.

डिसेंबरपासून अर्ज सुरू. बरेच गेले ते गेलेच, साधं 'मिळाला' म्हणूनही उत्तर नाही. दोन ठिकाणी गाडी पुढे सरकली, दोन्ही पुण्यात, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जायचं आणि संध्याकाळी हुतात्मानेच परत.

दोन ऑफर

एक खाजगी डायग्नोस्टिक कंपनी. पद बायोइन्फॉरमॅटिक्स ॲनालिस्ट, सीटीसी (कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) ३.६ लाख, दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर एक लाख भरायचे. सीटीसीतून पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स वजा जाऊन हातात साधारण २५,०००. इंटरव्ह्यूत तिने विचारलं की पहिले सहा महिने मी रोज काय करीन. उत्तर होतं, पेपर वाचून व्हेरियंटची, म्हणजे डीएनएमधल्या बदलांची, माहिती शीटमध्ये भरणं. म्हणजे नाव ॲनालिस्ट आणि काम क्युरेशन.

दुसरी, एका सरकारी संस्थेतलं प्रोजेक्ट असोसिएटचं पद. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे जीनोम. २५,००० अधिक २७ टक्के, ३१,७५०. पीएफ नाही, बाँड नाही, प्रोजेक्टला मंजुरी वर्षावर्षाची. या इंटरव्ह्यूत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी गिटहब उघडूनच ठेवलं होतं आणि पहिलाच प्रश्न विचारला, एवढा डेटा फेकलास तर ६० पट पुरेसं आहे हे कशावरून ठरवलंस. पुढची वीस मिनिटं त्याच्यावरच गेली. बाकी काही विचारलंच नाही म्हणे.

घरात मोठा वाद झाला. वडिलांना कंपनी पाहिजे होती. 'पर्मनंट' या शब्दाला आपल्याकडे जे वजन आहे ते पगारापेक्षा जास्त, त्यात मुलगी चोवीसची, स्थळं बघायला सुरुवात झालेली, आणि पाहुणे पहिलं विचारणार की नोकरी पर्मनंट आहे का काँट्रॅक्ट. मामा उलट प्रोजेक्टच्या बाजूने, त्याचं म्हणणं बाँड दोन वर्षांचा म्हणजे ती नोकरी पण काँट्रॅक्टच की, फक्त तुझ्या बाजूने बांधलेली. हा मुद्दा वडिलांना पटला. सायलीचा मुद्दा वेगळा होता, दोन वर्षांनी सीव्हीवर काय लिहिता येईल. एकीकडे 'शीट भरली', दुसरीकडे 'इतके जीनोम स्वतः जुळवले, पेपरवर नाव आहे'. फेब्रुवारी २०२४ ला तिने प्रोजेक्ट घेतला.

पुढे काय झालं

सगळं छान झालं असं नाही. एप्रिलपासून प्रोजेक्टची ग्रँट अडकली. नवं आर्थिक वर्ष, कागद इकडून तिकडे, आणि जूनअखेरपर्यंत पगारच नाही. पीजीचे पैसे मामाने भरले. वडिलांनी "बघ म्हणलं होतं की" असं एकदाच म्हटलं, पण ते एकदा बरंच लागलं तिला. नंतर थकबाकी एकदम आली, पण ज्याच्या मागे मामा नाही त्याने काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि खूप ठिकाणी हे असंच चालतं.

काम मात्र जसं सांगितलं तसंच निघालं. वर्षभरात नेक्स्टफ्लो शिकली, संस्थेच्या सर्व्हरवर पाइपलाइन बसवली, एका पेपरवर नाव लागलं (लेखकांच्या यादीत मधे कुठेतरी, पण लागलं). फेब्रुवारी २०२५ ला गेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर दिला, पास झाली. प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली तेव्हा वरचा दर लागू झाला. तोपर्यंत पुण्याचा एचआरए ३० टक्के झालेला, म्हणून ४०,३००.

२०२५ च्या दिवाळीनंतर तिने एक खाजगी जीनोमिक्स कंपनी घेतली, सीटीसी ६.२ लाख. आकडा ऐकून सोलापुरात पेढे वाटले. हातात पडतात ४५-४६ हजार. म्हणजे ४०,३०० वरून पाच-सहा हजारच वाढ, बाकी पीएफ आणि कागदावरचं. पीएफ हाही पैसाच आहे, नाकारत नाही, पण प्रोजेक्टचा पगार आणि कंपनीची सीटीसी शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका, हातात काय पडतं ते बघा.

आणि तिची जी मैत्रीण त्याच कोर्सला गेली तिचं काय? तिला लागली नोकरी. क्युरेशनमध्ये, ३.४ लाखांवर, पुण्यातच. कोर्सवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, प्लेसमेंट असिस्टन्स दिला त्यांनी. पण ती नोकरी कोर्सशिवायही लागली असती, त्या कामाला पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंग, लागतच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गेटचा फॉर्म सप्टेंबर २०२३ मध्येच भरायला पाहिजे होता. त्या वर्षी पास झाली असती तर निकाल लागल्यापासून महिन्याला साडेसात हजार जास्त, वर्षाचे नव्वद हजारांच्या वर. आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. अभ्यासाला वेळ नव्हता असंही नाही, तासिकेच्या निमित्ताने ती तेच विषय शिकवत होती.

प्रोजेक्ट घेताना ग्रँटबद्दल विचारायला पाहिजे होतं. मंजुरी कुठपर्यंतची, पुढचा हप्ता कधी येणार, मागच्या वर्षी पगार अडकला होता का. इंटरव्ह्यूत हे विचारायला पोरं घाबरतात. पॅनेलला विचारू नका मग, तिथे आधीपासून काम करणाऱ्याला कँटीनमध्ये विचारा, तो खरं सांगतो. आणि तीन महिन्यांचा पीजीचा खर्च बाजूला काढूनच पुण्याला जावं. एफडी मोडायची होतीच तर त्यातला एवढाच तुकडा मोडायचा.

शीटमध्येही एक भोक होतं. एकच जाहिरात कंपन्या दर पंधरा दिवसांनी परत टाकतात आणि ती नवी म्हणून मोजली जाते. काही कंपन्यांनी तर सायलीला दिसलेलं पद सहा महिन्यांनीही भरलं नव्हतं. तारीख आणि कंपनीवरून दुबार नोंदी काढल्या असत्या तर डिमांड निम्मी दिसली असती की काय कोण जाणे, पण खरी दिसली असती.

अजून एक, आणि याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. 'भगवा' जातीच्या डाळिंबाचा जीनोम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ते काम सोलापुरातल्याच केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचं. विद्यापीठ पण केगावलाच, त्याच पुणे रस्त्यावर. सायली दोन वर्षं तिथूनच ये-जा करत होती. पुण्याच्या कोर्सला सव्वादोन लाख घालायची तयारी होती आणि घरापासून बसने जाता येईल अशा ठिकाणी कोणी जीनोमचं काम करतंय हे तिला, तिच्या वर्गाला, कुणालाच माहीत नव्हतं. तिथे नोकरी लागली असती असं नाही म्हणत, पण एखादं ट्रेनिंग, एखादं सेमिनार, निदान कोणाशी बोलावं हे तरी कळलं असतं.

आत्ता तिचं परत तेच चालू आहे. नेट-जेआरएफ निघाली तर पुण्यात ४८,१०० आणि पीएचडी, कंपनीत ४६,००० आणि पीएफ. वडील या वेळीही कंपनीच्या बाजूने आहेत, मामा पीएचडीच्या, आणि सायलीने नवीन शीट उघडलीय, त्यात एक कॉलम जास्त आहे, पाच वर्षांनंतर त्या पदावरची माणसं कुठे गेली.